बेळगावचा चुंबकी पत्ता: सांबरा, देसूर, गोकाक आणि कणकुंबी

गुगल मॅपवर बेळगाव टाकलं की साधारण १५.८५ उत्तर आणि ७४.५ पूर्व असं येतं. हा पत्ता पृथ्वी ज्या आसावर फिरते त्याच्यावरनं काढलेला, शाळेत शिकलो तोच. पण वर शंभर किलोमीटरच्या पुढं जे काय चाललेलं असतं, विजेचे प्रवाह म्हणा, अरोरा, म्हणजे ध्रुवांकडं रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड म्हणा, रेडिओ लहरींचं वाकणं-फुटणं म्हणा, त्यांना या आसाचं फार काही पडलेलं नसतं, ते सगळे पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राच्या रेषा धरून चालतात. म्हणून त्याचा अभ्यास करणाऱ्या लोकांनी अक्षांश-रेखांशच वेगळे करून घेतले. त्या हिशोबानं बेळगाव येतं जवळपास ८ उत्तर आणि १४८ पूर्व. म्हणजे आपण एका झटक्यात निम्म्यानं विषुववृत्ताकडं सरकलो.

हे डोक्यात बसलं ते मे २०२४ मध्ये, लडाखला हानलेवरनं आकाशात लाल अरोरा दिसला तेव्हा. तेव्हाच टेक्सासमधल्या लोकांचे पण फोटो येत होते. आता हानले आणि टेक्सासमधलं डॅलस, दोन्ही ३२.८ उत्तरेच्या आसपास, एकाच अक्षांशावर म्हणायला हरकत नाही. पण चुंबकी अक्षांश काढला तर हानले येतं २४-२५ आणि डॅलस ४१! सतरा अंशांचा फरक. कारण चुंबकी ध्रुव अमेरिकेच्या बाजूला कललेला आहे, त्यांना तो जवळ पडतो आणि आपल्याला लांब. तेव्हापासनं ठरवलं होतं की एकदा गावाकडं जाऊन आपल्या भागाचा चुंबकी पत्ता स्वतः सुई टांगून बघायचा. दिवाळी झाली, पाऊस संपला, सुट्टी मिळाली, निघालो.

गुरुवार: कोल्हापूरवरनं खाली

पुण्यातनं सकाळी निघालो, कोल्हापुरात जेवलो. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे हे कोल्हापूरच्या पण बऱ्याच लोकांना माहीत नसतं. तिथनं रात्रीच्या आकाशाचे फोटो काढतात, ताऱ्यांचे नाही, वरची हवा स्वतःच जो अगदी मंद लाल उजेड देते त्याचे. त्याच्याबद्दल सोमवारी.

निपाणीपासनं पुढं तवंदी घाटात ऊसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकलो, दुसरं काय होणार या दिवसांत. बेळगावात अनगोळला तात्यांकडं पोचेस्तोवर अंधार पडला. तात्या म्हणजे माझे चुलते, मराठा लाईट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर. मी येणार म्हणून त्यांनी ट्रंकेतनं पितळी प्रिझमॅटिक कंपास काढून पुसून ठेवलेला, आणि सोबत एक जुना घडीचा नकाशा.

जेवणं झाल्यावर नकाशा जमिनीवर पसरला आणि क्लास सुरू झाला. "हे बघ, उत्तरा तीन असत्यात. एक खरी, ध्रुव ताऱ्याकडची. एक नकाशावरच्या चौकटीची, ग्रिड नॉर्थ. आणि एक ही सुई दाखवत्या ती. तिन्हीत गल्लत केली की रात्री गस्तीला गेलेली सेक्शन भलतीकडंच निघत्या." नकाशाच्या समासात त्या तीन रेषांचं छोटं चित्र असतं, आणि सुईची उत्तर कुठल्या वर्षी किती अंशानं कुठल्या बाजूला होती ते लिहिलेलं असतं. वर्ष लिहितात कारण ती सरकते. तात्यांचा नकाशा इतका जुना की तो आकडा आता वापरून उपयोग नाही. पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राच्या आजच्या मॉडेलप्रमाणं बेळगावात सुई खऱ्या उत्तरेच्या साधारण एक अंश पश्चिमेला बघते. एक अंश म्हणजे किलोमीटरभर चाललं की सतरा-अठरा मीटरची चूक. शेताच्या बांधावर एवढ्यात भांडणं होतात, कोर्टात जातात.

काकू म्हणाल्या, "उत्तरा उद्या शोधा, आता झोपा."

शुक्रवार: सुई करणं आणि सांबरा

सकाळभर घरातच. होकायंत्राची सुई आडवी फिरते, ती फक्त दिशा सांगते. पण चुंबकी अक्षांश हवा असेल तर सुई खाली किती झुकते ते बघायला लागतं, म्हणजे डिप, आपल्या पुस्तकात नतिकोन. उत्तर चुंबकी ध्रुवावर सुई सरळ खाली उभी, चुंबकी विषुववृत्तावर एकदम आडवी. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस कॅनडाच्या उत्तरेला बूथिया द्वीपकल्पावर पोचला तेव्हा त्याला ध्रुव सापडला तो याच युक्तीनं, सुई जवळजवळ सरळ उभी राहिली. दुकानातल्या कंपासात हे झुकणं दिसत नाही कारण कंपन्या जगाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी सुईला मुद्दाम वजन लावून आडवी करून देतात.

मग आपली आपण करायची. काकूंची स्टीलची विणकामाची सुई घेतली, बाटलीच्या बुचातनं आरपार घातली, बुचाच्या दोन्ही बाजूला आडव्या टाचण्या आसासारख्या टोचल्या आणि त्या टाचण्या दोन काचेच्या ग्लासांच्या काठावर ठेवल्या. आधी सुई बुचात मागंपुढं सरकवून बरोबर आडवी तोलायची, हे चुंबक लावायच्या आधी, हेच महत्त्वाचं. मग जुन्या स्पीकरच्या चुंबकानं एकाच दिशेनं पंधरा-वीसदा घासायची आणि परत ग्लासांवर ठेवायची, पण उत्तर-दक्षिण रेषेत. ठेवली आणि उत्तरेकडचं टोक हळूच खाली गेलं, डुलत डुलत थांबलं. चुलतभाऊ, तात्यांचा पोरगा, जो खानापूर तालुक्यात मोजणीचं काम करतो आणि आल्यापासनं मला हसतच होता, तो कोनमापक घेऊन पालथा पडून बघायला लागला. "बावीस हाय की दादा."

पण एक वाचन खरं नसतं, कारण तोल कधीच शंभर टक्के जमत नाही. म्हणून सुई उलट घासून तिचे ध्रुवच अदलाबदल करायचे आणि परत मोजायचं. आता आलं सतरा. सरासरी साडेएकोणीस. जुन्या वेधशाळांतली डिप मोजायची यंत्रं पण असंच उलटसुलट करून वापरायचे, फक्त त्यांच्याकडं बूच नव्हतं. मॉडेल बेळगावसाठी एकोणीसच्या आसपास सांगतं, म्हणजे ग्लास आणि टाचण्यांच्या मानानं भलतंच बरं आलं.

आता गंमत बघा. पृथ्वीच्या पोटात मधोमध एक साधा दांडीचुंबक ठेवलाय, आसाला साधारण सव्वानऊ अंश कललेला, असं धरलं तर त्याचा उत्तरेकडचा ध्रुव येतो ८०.७ उत्तर, ७२.७ पश्चिम, म्हणजे कॅनडाच्या एल्समिअर बेटावर. तो ध्रुव धरून नेहमीच्या अक्षांश-रेखांशाचं जाळं नुसतं कलवलं की जे मिळतं ते जिओमॅग्नेटिक कोऑर्डिनेट्स, सगळ्यात साधी पद्धत. वर जे ८ आणि १४८ सांगितले ते यातले. आणि दांडीचुंबकाचा एक नियम आहे, डिपचं टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. ८ अंश घातले की डिप यायला पाहिजे साडेपंधरा. आमची आली साडेएकोणीस. उलटीकडनं साडेएकोणीस घालून अक्षांश काढला तर येतो १०. म्हणजे बेळगावचा चुंबकी अक्षांश ८ पण आहे आणि १० पण! सुई घरगुती आहे म्हणून नाही, चांगल्या यंत्रानं मोजलं तरी हा फरक राहतोच. पृथ्वीत साधा दांडीचुंबक नाहीच, तिथं वितळलेलं लोखंड घुसळतंय आणि त्याचं क्षेत्र जागोजागी फुगलेलं, दबलेलं आहे. नुसता कललेला चुंबक हे पहिलं अंदाजपत्रक झालं.

भाऊ म्हणाला, "मग खरा कुठला?" म्हणलं गोकाकला गेल्यावर सांगतो, तिथं परत मोजू.

दुपारी सांबऱ्याला. तिथं जायचं कारण म्हणजे धावपट्टी. बेळगावच्या विमानतळाची धावपट्टी ०८/२६ या नंबरची. हे नंबर कुठून येतात तर धावपट्टी सुईच्या उत्तरेपासनं किती अंशावर आहे ते मोजायचं, जवळच्या दहापर्यंत धरायचं आणि शेवटचा शून्य काढून टाकायचा. ०८ म्हणजे साधारण ८० अंश, पूर्वेला जरा उत्तरेकडनं. दुसऱ्या टोकानं आलात तर २६०, म्हणजे २६. जगभर रोज लाखो लोक चुंबकी दिशेवर उतरतात आणि कुणाला पत्ता नसतो. सुई सरकत गेली की नंबर पुसून नवीन रंगवायला लागतात, अमेरिकेत टँपा विमानतळावर २०११ मध्ये मुख्य धावपट्टीचं १८ चं १९ करावं लागलं. आपल्याकडं सुई फार हळू सरकते, त्यामुळं सांबऱ्याच्या रंगाऱ्याला घाई नाही. आणि कॅनडाच्या अगदी उत्तरेला ध्रुवाजवळ सुई इतकी बेभरवशाची की तिथं खरी उत्तरच धरतात.

मी खिशातनं कंपास काढायला लागलो तर तात्यांनी हात धरला. "इथं हे काढू नको बाबा, एअर फोर्सचं हाय, उगं चौकशी मागं लागल." खरंच होतं, सांबऱ्याला हवाई दलाचं ट्रेनिंग स्कूल आहे. मग लांब गावाच्या पलीकडं एका चहाच्या गाड्यावर बसलो, मिरची भजी खाल्ली, एक विमान पूर्वेकडनं येऊन उतरताना नुसतं डोळ्यांनी बघितलं आणि परत आलो.

शनिवार: देसूर, राजहंसगड

देसूर म्हणजे बेळगाव-खानापूर रेल्वे रस्त्यावरचं छोटं स्टेशन आहे, उतरून बघण्यासारखं तिथं काय आहे असं भाऊ विचारत होता. तिथं नाव आहे! दख्खनच्या काळ्या दगडाचे, म्हणजे लाव्ह्याचे जे थर आहेत त्यांना भूशास्त्रवाल्यांनी गावांची नावं दिलीत, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि या यादीत सगळ्यात वरचा म्हणजे सगळ्यात शेवटी वाहिलेला, तो देसूर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आणि नाव आपल्या देसूरचं. भाऊ एवढ्या वर्षांत शंभरदा या फाटकातनं गेला असेल, पहिल्यांदा खाली उतरून दगडाकडं बघितलं त्यानं.

चुंबकी पत्त्याशी याचा संबंध असा की लाव्हा थंड होताना त्यातले लोखंडी कण त्या वेळच्या क्षेत्राच्या दिशेनं लागतात आणि तसेच गोठतात. म्हणजे दगडात त्या काळची डिप लिहिलेली राहते. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांवर हे मोजलं, आणि तोच टॅनचा नियम लावून अक्षांश काढला तर तो आला दक्षिण गोलार्धातला, आजच्यापेक्षा हजारो किलोमीटर खाली. खंड सरकतात हे तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञ मानत नव्हते. नंतर असंही नीट कळलं की खालचे बरेच थर उलट्या ध्रुवांचे आहेत आणि वरचे आजच्यासारखे सुलटे, लाव्हा वाहत असतानाच पृथ्वीचं क्षेत्र पालटलेलं. पण मग शुक्रवारी ज्या नियमानं ८ आणि १० चा घोळ घातला तोच नियम इथं कसा चालला? कारण तिथं एका दिवसाचं माप नाही. हजारो वर्षांत चुंबकाचा कल इकडं तिकडं भटकतो आणि भरपूर थरांची सरासरी घेतली की तो भटकणारा भाग कटून जातो, उरतो तो फिरण्याच्या आसाशी जुळलेला साधा दांडीचुंबक. मला तर हे फार आवडलं, आज मोजाल तर चुकेल आणि लाखभर वर्षं थांबून मोजाल तर बरोबर येईल.

मग राजहंसगडावर. आम्ही लहानपणापासनं येळ्ळूरचा गडच म्हणतो. वर आता शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा आहे, शनिवार म्हणून गर्दी पण होती. आम्ही पुतळ्यापासनं आणि रेलिंगपासनं लांब, तटाच्या एका मोकळ्या टोकाला गेलो, कारण लोखंडाजवळ माप घेण्यात अर्थ नाही.

तात्यांनी इथं खरी कमाल केली. भाऊला शंभर पावलं पलीकडं उभं केलं, स्वतः कंपास डोळ्याला लावून त्याच्यावर रोखला आणि आकडा सांगितला, एकशे बारा. मग कंपास त्याच्याकडं दिला आणि तिथनं आपल्यावर रोखायला लावला. सगळं ठीक असेल तर दोन आकड्यांत बरोबर एकशे ऐंशीचा फरक पाहिजे, म्हणजे दोनशे ब्याण्णव. भाऊनं ओरडून सांगितलं, "दोनशे शहाऐंशी!" परत घेतलं. परत तेच. दोन पावलं बाजूला सरकून घेतलं तर दोनशे नव्वद. मोजणीवाले याला, म्हणजे जवळच्या लोखंडानं सुई ओढली जाण्याला, लोकल अट्रॅक्शन म्हणतात, भाऊला शब्द माहीत होता, परीक्षेला पाठ केलेला, पण त्याच्या कामात आता सगळं जीपीएस आणि टोटल स्टेशन, सुईनं मोजायची वेळच आलेली नाही. तो चक्क खाली बसून दगडाला कंपास लावून बघायला लागला, एका लालसर जांभ्याच्या ढेपेपाशी सुई चाळीस अंश फिरली. डोंगरमाथ्यावर वीज पडते तेव्हा तिच्या प्रवाहानं आजूबाजूचा दगड भलताच चुंबकी होऊन बसतो. तिथं नेमकी वीज पडली होती की नुसता लोहकणांचा जोर, हे सांगायला नमुना प्रयोगशाळेत न्यायला पाहिजे, आणि गडाचा दगड उचलून न्यायचा नसतो.

"काश्मीरात अशी गत झाली असती तर?" मी विचारलं. तात्या म्हणाले, "म्हणूनच तर दोन्हीकडनं बघायला शिकवत्यात."

रविवार: गोकाक

आज काकू पण आल्या, धबधबा म्हणल्यावर. बेळगावातनं गोकाक फॉल्सला जाताना दगड बदलतो ते गाडीतनंच दिसायला लागतं, काळा दगड मागं पडतो आणि पिवळट-गुलाबी वाळूचा दगड, क्वार्टझाइट, सुरू होतो. घटप्रभा त्याच कड्यावरनं ५२ मीटर खाली पडते. पाणी बेताचं होतं, पावसाळ्यातला तो गढूळ धुमाकूळ नाही, पण त्यामुळं वरच्या खडकावर बसायला जागा भरपूर. इथं १८८७ मध्येच पाण्यावर वीज केली होती आणि तो जुना झुलता पूल, हे सगळे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात, मी परत सांगत नाही.

पूल लोखंडी, म्हणून त्याच्यापासनं भरपूर लांब खडकावर ग्लास मांडले. काकूंनी विचारलं, सुई परत मिळणार ना. इथं कंपासनं दोन्हीकडनं घेतलेले आकडे अर्ध्या अंशात जुळले. राजहंसगडावर सहा अंशांची मारामारी आणि इथं अर्धा! वाळूच्या दगडात लोहकणच कमी. डिप आली वीसच्या आसपास, घरच्यापेक्षा जराशी जास्त, उत्तरेला आलो म्हणून असं म्हणायला मला आवडलं असतं पण टाचण्यांच्या यंत्राला तेवढा नाजूकपणा नाही.

आणि भाऊचा राहिलेला प्रश्न, खरा अक्षांश कुठला. उत्तर असं की कामाप्रमाणं वेगळा. खरंखुरं वेडंवाकडं क्षेत्र घेऊन, दर पाच वर्षांनी जगभरचे लोक मिळून जे मॉडेल काढतात ते आयजीआरएफ, ते वापरून तुमच्या गावातनं निघालेली चुंबकी रेषा कॉम्प्युटरवर धरून धरून पुढं जायचं, ती कुठं सगळ्यात उंच जाते ते बघायचं आणि त्या उंचीवरनं तुमचा अक्षांश ठरवायचा. याला अपेक्स पद्धत म्हणतात, तिचाच एक भाऊ म्हणजे क्वासी-डायपोल. आणखी एक करेक्टेड जिओमॅग्नेटिक नावाची पद्धत आहे, ध्रुवाकडं अरोरावाल्या रडारना ती फार सोयीची, पण चुंबकी विषुववृत्ताजवळ ती कोलमडते, तिथल्या काही रेषांना तिच्यात उत्तरच मिळत नाही. आपण विषुववृत्ताकडचे, त्यामुळं आपल्याकडं अपेक्स, क्वासी-डायपोल नाहीतर सरळ डिपवरनं काढलेला अक्षांश. तो बेळगावला येतो तो १० वाला. पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्रात अडकलेल्या कणांचं काम करणारे अक्षांश सांगतच नाहीत, ते एल नावाचा आकडा सांगतात, मॅकइल्वेननं १९६१ मध्ये काढलेला, रेषा चुंबकी विषुववृत्तावर पृथ्वीच्या मध्यापासनं किती त्रिज्या लांब जाते तो. भूस्थिर उपग्रहांचा एल साडेसहाच्या पुढं, बेळगावचा एकाच्या जवळपास. आपली रेषा म्हणजे जमिनीला चिकटूनच गेली.

चुंबकी अक्षांश असा कमी असणं आपल्या पथ्यावर पण पडतं. १९३० च्या दशकात आर्थर कॉम्प्टननं जगभर कॉस्मिक किरण मोजून दाखवलं की त्यांची संख्या भौगोलिक नाही, चुंबकी अक्षांशाप्रमाणं बदलते, आणि त्यावरनंच कळलं की ते विद्युतभारित कण आहेत. आडव्या रेषा कमी ताकदीच्या कणांना आत येऊच देत नाहीत, आणि दक्षिण भारतावर ही अडवणूक जगात सगळ्यात कडक असलेल्या जागांपैकी एक आहे.

येताना करदंट घेतला. तात्यांचं मत की पूर्वी डिंक जास्त असायचा.

सोमवार: जांबोटी, कणकुंबी

तात्या घरी राहिले, गुडघा. मी आणि भाऊ जांबोटीमार्गे कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाशी, माउलीच्या देवळात. दिवसभर काही मोजलं नाही, झाडी इतकी दाट आणि थंडी सुरू झालेली की नुसतं हिंडलो. रात्री ओळखीच्या एका घरी मुक्काम, कारण मला अंधार पाहिजे होता.

सूर्य मावळल्यावर विषुववृत्ताच्या आकाशात एक भारी प्रकार होतो. चुंबकी विषुववृत्त भारताच्या अगदी खालच्या टोकावरनं, तिरुनेलवेली-तिरुवनंतपुरमच्या बाजूनं जातं. १९६३ मध्ये पहिलं रॉकेट थुंबा गावातनं उडवलं ते याचसाठी, कारण दिवसा त्या रेषेवर शंभर-एकशे दहा किलोमीटर उंचीवर विजेचा एक पट्टा पश्चिमेकडनं पूर्वेकडं वाहतो. त्याचा जोर काढायची युक्ती सोपी: तिरुनेलवेलीच्या चुंबकी नोंदीतनं अलिबागची नोंद वजा करायची. दोघांत बाकी सगळं सारखं, पट्टा फक्त एकाच्याच डोक्यावर. आणि संध्याकाळनंतर त्याच रेषेवर वरच्या आयनांच्या थरात पोकळ्या तयार होऊन बुडबुड्यासारख्या वर चढतात. त्या जेवढ्या उंच चढतात तेवढ्या चुंबकी रेषांच्या बाजूनं उत्तर-दक्षिण पसरतात, आणि कोल्हापूरच्या कॅमेऱ्यात लाल उजेडात काळे पट्टे म्हणून उमटतात. म्हणजे कोल्हापुरात बसून तो कॅमेरा खरं तर केरळच्या वर किती उंचीवर काय झालं ते वाचतो. हे वाचायचं तर साधे अक्षांश काही कामाचे नाहीत, अपेक्स पाहिजे. जीपीएसचा सिग्नल याच पट्ट्यांतनं येताना थरथरतो.

भाऊ म्हणाला, "म्हणून का संध्याकाळनंतर आमचा रोव्हर कधीकधी फिक्स धरत नाही?" रोव्हर म्हणजे त्यांचं मोजणीचं जीपीएस यंत्र. म्हणलं, कारणं दहा असतात, पण हे त्यातलं एक असू शकतं, विशेषतः आता सूर्याचे डाग जास्त असलेल्या वर्षांत. त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच हा विषय आपल्या पगाराचा आहे असं दिसलं.

अंगणात खाटेवर पडून त्याला विचारलं, इथनं निघालेली रेषा कुठं उतरत असेल सांग. साध्या दांडीचुंबकानं हिशोब केला तर ती दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आतच वर जाते, केरळच्या समुद्राच्या बाजूला वळसा घालते आणि उतरते ती मालदीवच्या दक्षिणेकडच्या बेटांच्या पूर्वेला, भौगोलिक विषुववृत्ताच्या आसपास समुद्रात. दोन जागांना एकमेकांच्या जोड-जागा म्हणतात. डोळ्यांना अर्थातच यातलं काही दिसत नाही, लाल उजेड पण नाही, फक्त तारे, आणि तेही साडेनऊपर्यंतच, नंतर ढग आले.

मंगळवार: परत

सकाळी बेळगावात येऊन कुंदा घेतला आणि निघायच्या आधी तात्यांच्या वहीत सगळी मापं उतरवली. तात्यांचा आग्रह की प्रत्येक आकड्याच्या पुढं वर्ष पाहिजे, आणि ते बरोबरच आहे, कारण चुंबकी पत्ता तारखेशिवाय अर्धवट असतो. रॉसचा ध्रुव, म्हणजे सुई खरोखर सरळ उभी राहते ती जागा, शुक्रवारच्या हिशोबातला एल्समिअरवाला नाही, कॅनडा सोडून आता सैबेरियाच्या बाजूला गेलाय, मधे वर्षाला पन्नास किलोमीटरच्या वेगानं पळत होता, आता जरा दमलाय. त्याच्यामुळं २०१९ मध्ये वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेल, दिशा काढायला वापरतात ते, वेळेच्या आधीच बदलायला लागलं होतं. मोबाईलमधला कंपास ट्रू नॉर्थ दाखवतो तो पण याच मॉडेलवर.

कुणाला करून बघायचं असेल तर थोडं: मोबाईलच्या कव्हरला चुंबकी झडप असेल तर काढून ठेवा. चुंबकमापीचं कुठलंही अॅप चालतं, आमच्या भागात बेचाळीस मायक्रोटेस्लाच्या जवळ आकडा यायला पाहिजे, साठ-सत्तर आला तर जवळ लोखंड आहे किंवा फोन आठच्या आकड्यात फिरवून घ्यायला पाहिजे. काळ्या दगडावर किंवा जांभ्यावर एका मापावर विश्वास ठेवू नका. विणकामाची सुई स्टीलचीच, अॅल्युमिनियमची चालत नाही, आणि काकूंना ती परत देऊ नका, लोकरीच्या गुंड्यातल्या सगळ्या टाचण्या तिला चिकटून येतात.

पुढचं अलिबाग ठरलंय. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासनं चुंबकी नोंदी होत्या, १८५९ चं ते मोठं सौर वादळ पण तिथं नोंदलं गेलंय, पण विजेच्या ट्राम येणार म्हणल्यावर सुया बिघडतील म्हणून वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली आणि बांधताना अजिबात चुंबकी नसलेला पोरबंदरचा दगड निवडून आणला. तात्या पण येतो म्हणालेत, फक्त गाडीत पुढची सीट पाहिजे.